नारंगवाडीची पनवती

इतिहास घडवणारा माणूस घटनेच्या जागी हजर असावा लागतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. मनोहर उमाठे यांनी स्पेनमधल्या एका जुन्या, मानी फुटबॉल क्लबला पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत ढकललं, आणि हे काम त्यांनी सिॲटलजवळच्या बॉथेलमध्ये, मुलीच्या घरातल्या सोफ्यावर बसून, तर्री पोहे खाताखाता केलं. निदान त्यांचं स्वतःचं मत तसं होतं. त्याबद्दल ते भेटेल त्याची माफी मागत.

माझी आणि त्यांची ओळख अशा माफीनेच झाली. आमच्या कुंपणापलीकडच्या घरात त्यांची मुलगी श्वेता आणि जावई निखिल राहतात. वसंतातला शनिवार होता, सकाळची वेळ. निखिलची शिडी परत करायला मी गेलो. दार उघडलं ते स्वेटर, मफलर आणि कानटोपी अशा बंदोबस्तातल्या एका उंच, जरा वाकलेल्या गृहस्थांनी. मी नाव सांगायच्या आत ते म्हणाले, "माफ करा जी. दोन झाले."

"काय दोन झाले?"

"गोल. आपल्यावर. मी बसलो अन् लगेच पहिला झाला. तुम्ही या ना आत. तुमचा काही दोष नाही."

मी आत गेलो. तिसरा माझ्यासमोर झाला. काकांनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाहुण्याला चहात साखर कमी पडल्यावर यजमान जसा ओशाळतो तसे ओशाळून हात जोडले. सोफ्यावरून निखिल ओरडला, "काका, माफी कसली मागताय यार! तो बॅक बघा, मैदानात उभा आहे की बस स्टॉपवर?"

उमाठे काका वर्ध्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत. निवृत्त झाले, मग काकू गेल्या, आणि श्वेताने त्यांना ग्रीन कार्डावर इकडे आणलं. त्यांच्या देहाने मात्र हा बदल कधी मंजूर केला नाही. ते पहाटे उठत आणि घर जागं होईपर्यंत आवाज बंद करून टीव्ही पाहत. त्या वेळी आमच्याकडे ताजं म्हणावं असं जे काही चालू असतं ते युरोपात चालू असतं. असंच एका सकाळी त्यांना नारिंगी शर्ट घातलेले अकरा जण दिसले. क्लब नारांहाल नावाच्या गावचा. गावाभोवती संत्र्याच्या बागा, क्लबच्या चिन्हावर संत्रं, मैदानाच्या नावात संत्रं. नागपूर-वर्ध्याकडच्या माणसाला यापुढे कुठला युक्तिवाद लागत नाही. "आपली नारिंगी अन् त्यांची नारांहा, शब्द एकच आहे जी," ते सांगत. "अरबांनी नेला तिकडे. म्हणजे सोयरिकच झाली." क्लबला त्यांनी नाव दिलं नारंगवाडी, आणि आम्ही सगळे तेच म्हणू लागलो.

दुर्दैवाने ही सोयरीक हंगामाच्या शेवटी जुळली. नारंगवाडी तेव्हा तळाशी घुटमळत होती. काका पाहू लागले त्यानंतर ती एकही सामना जिंकली नाही, आणि मे महिन्यात ती दुसऱ्या श्रेणीत गेली. त्या संध्याकाळी क्लबच्या अध्यक्षांनी मैदानात उभं राहून भाषण केलं. त्यात शतकाचा वारसा होता, आजोबांचे आजोबा होते, आणि संत्र्याचं झाड छाटलं तरी मरत नाही असं एक वाक्य होतं. निखिलने ते फोनवर भाषांतर करून वाचून दाखवलं. अध्यक्षांनी स्वतःचा दोष सोडून सगळ्यांचे दोष सांगितले होते. वर्ध्याचे एक निवृत्त मास्तर तेवढे राहून गेले होते, ती कसर काकांनी स्वतः भरून काढली.

खाली ढकलण्याची ही पद्धतच त्यांना पटत नव्हती. "नापास झाला तर त्याच वर्गात बसवतात. खालच्या वर्गात कोण बसवते जी? पोरगं शाळाच सोडून देईल!" मी म्हटलं, तिकडे हाच नियम आहे, तळाचे तीन खाली, खालचे तीन वर. ते म्हणाले, "मग आपल्याले या पोरायले वर काढणं भाग आहे. माझ्यामुळे गेले न."

असा दुसऱ्या श्रेणीचा तो हंगाम सुरू झाला. पहिल्या श्रेणीचे सामने जग पाहतं. दुसऱ्या श्रेणीचे सामने खेळाडूंचे नातेवाईक, सट्टेवाले आणि बॉथेलमधलं आमचं मंडळ पाहत असे. ऑगस्टपासून दर शनिवारी किंवा रविवारी मी कुंपण ओलांडून तिकडे. निखिल पुण्याचा, त्यामुळे मत सर्व विषयांवर. श्वेता एका औषध कंपनीत चाचण्यांची आकडेमोड करते, त्यामुळे मत फक्त पुराव्यावर. पोहे काका करत, त्यावर नागपुरी तर्री, आणि ती खाऊन माझे डोळे भरून येत तेव्हा म्हणत, "भावनाप्रधान माणूस आहे हा."

त्या घरात एक नियम होता. सामना सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचे फोन गॅरेजच्या दाराबाहेर, घराच्या बाजूला असलेल्या चपलांच्या रॅकवर. कारण साधं होतं. आमच्याकडे चित्र पोचायला दीड-एक मिनिट उशीर होई, आणि फोनवरची गोलची सूचना त्याआधी येई. सुरुवातीला एकदा निखिलच्या खिशात फोन थरथरला, तो "येस!" म्हणाला, आणि आम्ही सगळे पुढचं मिनिटभर एका निरुपद्रवी थ्रो-इनकडे डोळे फाडून पाहत बसलो. तेव्हापासून फोन चपलांशेजारी. हा नियम आम्हाला फार हुशारीचा वाटे.

पनवतीचा शोध सप्टेंबरात लागला. नारंगवाडी एका गोलने मागे होती. काका रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात गेले, आणि आम्ही ओरडलो. बरोबरी! ते धावत आले, गोलचं पुनर्दर्शन पाहिलं, बसले, आणि थोड्या वेळाने आपल्यावर गोल झाला. निखिल हसत म्हणाला, "काका, अजून एक चहा टाका ना, प्लीज!" क्रिकेटवर वाढलेल्या कुठल्याही घरात हे वाक्य निघालंच असतं. आमच्या लहानपणी शेजारचे जोशी आत आले की विकेट पडे, म्हणून भारताची फलंदाजी असेपर्यंत त्यांना जिन्यात उभं करत. जोशी चिडत, भांडत, खिडकीतून डोकावत. काका यांतलं काहीच करेनात. ते उठले, चहा टाकला, आणि सामना संपेपर्यंत ओट्यापाशीच उभे राहिले. नारंगवाडी जिंकली. चहा उकळून काळा झाला होता.

"हे मले माहीत होतं," ते म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे. डॉक्टरांनी जुनंच दुखणं सांगितल्यावर रोगी मान हलवतो तशी त्यांनी मान हलवली.

पुढे ते स्वतःच उठू लागले. सामना अडला की सोफ्याचा हात धरून उभे राहत, "मी जातो जी" म्हणत आणि गॅरेजमध्ये जात. तिथे एक घडीची खुर्ची होती. एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला छतापर्यंत रचलेले पेपर टॉवेलचे गठ्ठे, आणि मध्ये कानटोपी घालून काका. दार बंद. आतून आमचा आरडाओरडा ऐकून ते निकाल ठरवत. जिंकलो तर येऊन विचारत, "कोणी मारला?" हरलो तर म्हणत, "माफ करा, मी सुरुवातीचं थोडं पाहिलं होतं."

श्वेताला हे अजिबात खपत नसे. "बाबा, किती सामन्यांवरून बोलताय? तुम्ही बाहेर असताना हरले ते कोण मोजणार?"

"तुझं गणित बरोबर आहे," काका शांतपणे म्हणत. "पण ते गोलकीपरले कोण समजावणार?"

ती माझ्याकडे आणि निखिलकडे वळे. "आणि तुम्ही दोघं! जाऊ कसं देता त्यांना?" आम्ही म्हणायचो, अगं, त्यांनाच मजा वाटते. ते सोफ्यावरून निघाले की मी पाय आखडून त्यांना वाट देत असे. ही माझी त्या हंगामातली एकमेव शारीरिक कामगिरी.

त्यांना मजा वाटत नव्हती, हे मला हिवाळ्यात कळलं. पाऊस थांबत नव्हता, आत सामना चालू होता, आणि आम्ही दोघं गॅरेजचं मोठं दार उघडून पाऊस पाहत बसलो होतो. मी सहज विचारलं, "काका, हे पनवतीचं पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"आत्या," ते म्हणाले. "मी जन्मलो त्याच आठवड्यात वडिलांची नोकरी गेली. घरात कोणी काही बोललं नाही. आत्या बोलली."

मग हळूहळू बाकीचं निघालं. शाळेच्या सहलीची बस पंक्चर झाली ती ते तिच्यात बसल्यावर. धाकट्या भावाच्या मुलाखतीला ते सोबत गेले आणि ती रद्द झाली. कुणाच्याही आयुष्यात घडतं ते सगळं, पण काकांनी ते वर्गशिक्षकाच्या शिस्तीने स्वतःच्या खात्यावर टाकलं होतं. श्वेताच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मुलीचा बाप मांडवामागे जनरेटरपाशी उभा होता. पाहुण्यांना वाटलं, डिझेलची काळजी. काकूंचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा हे दिवसभर बस स्टँडवर बसून राहिले, आणि काकू बऱ्या होऊन घरी आल्या. दुसऱ्या वेळी काकूंनी हात धरला. म्हणाल्या, या वेळी जाऊ नका.

"मी बसलो," काका म्हणाले. "सकाळी ती गेली."

पावसाकडे पाहत ते पुढे म्हणाले, "मले जायले पाहिजे होतं जी. तिचं ऐकलं, ही चूक झाली. लाज वाटते. लोक भेटायले येत तर मी तोंड लपवून राहत होतो. मलेच माहीत न, काय केलं मी."

आत निखिल ओरडला, की नारंगवाडी दोन गोलांनी पुढे आहे. काका म्हणाले, "पाहा," आणि खुर्ची थोडी आणखी भिंतीकडे सरकवली.

फेब्रुवारीत श्वेताने बातमी सांगितली, की जुलैच्या सुरुवातीला बाळ येणार. याआधी दोनदा तिचा गर्भपात झाला होता, आणि दोन्ही वेळा दिवस गेल्याचं सांगायला तिने पहिला व्हिडिओ कॉल वर्ध्याला लावला होता. काकांनी ते अर्थातच विसरलेलं नव्हतं. या खेपेला सोनोग्राफीचा फोटो फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला होता. काका दूध काढायला जात ते भिंतीकडे तोंड करून, हाताने मूठ चाचपत. एकदा त्यांनी दुधाऐवजी ताक घातलेला चहा मला दिला. मी तो प्यायलो. त्या घरात आणखी एक माफी ऐकायची माझी तयारी नव्हती.

एप्रिलात त्यांनी निखिलला बाजूला घेऊन जूनअखेरचं भारताचं तिकीट काढायला सांगितलं. निखिलला गोष्ट पोटात ठेवता येत नाही. संध्याकाळपर्यंत श्वेताला कळलं.

"आई नाहीये, बाबा," ती म्हणाली. मी परसातल्या टेबलाशी बसलो होतो आणि उठून जायचं की नाही हे ठरवत होतो. "मला कुणीतरी हवंय. आणि तुम्ही त्याच आठवड्यात चाललात?"

"मी बारशाले व्हिडिओवर येईन न. तेव्हा पाहीन. सगळं नीट झाल्यावर."

"जनरेटरपाशी उभं राहूनच बघणार का तुम्ही सगळं?"

तिकीट निघालं. श्वेता त्यांच्याशी पोह्यांपुरतं बोलू लागली.

इकडे नारंगवाडीने मान वर काढली होती. सुरुवातीला मध्यावर, मग वरच्या भागात, आणि शेवटच्या दिवशी सहावा नंबर. पहिले दोन सरळ वर जातात. तिसरा ते सहावा यांच्यात लढती होतात, त्यांतून एकच वर जातो. नारंगवाडी उपान्त्य फेरीत निसटती जिंकली. काका गॅरेजमध्ये होते. मग अंतिम फेरी, तिचे दोन सामने, आणि पहिला बरोबरीत सुटला. दुसरा एका रविवारी, आमच्या दुपारी, काकांच्या विमानाच्या आठवडाभर आधी. बरोबरी झाली तर लीगमध्ये वरचा नंबर असलेला संघ जिंकणार होता, आणि तो समोरचा होता. नारंगवाडीला गोल हवाच होता.

त्या दिवशी श्वेता म्हणाली, "आज कुणीही गॅरेजमध्ये जाणार नाही. हा शेवटचा सामना आहे आणि बाबा माझ्या शेजारी बसणार आहेत." काकांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही छताकडे. ते बसले, सोफ्याच्या अगदी कडेला, बस सुटायची वाट पाहणाऱ्या माणसासारखे. गुडघ्यांवर हात, नजर गालिच्यावर. नव्वद मिनिटं गोल झाला नाही. जादा वेळ सुरू झाला, तरी झाला नाही. काका दोनदा "मी जातो जी" म्हणाले आणि श्वेताने दोन्ही वेळा त्यांच्या बाहीला धरून खाली बसवलं.

जादा वेळही संपत आला तेव्हा नारंगवाडीला पेनल्टी मिळाली. समोरच्या संघाने पंचांना घेरलं. वाद, ढकलाढकली, पंच कानातल्या यंत्रावर हात ठेवून व्हिडिओ तपासणाऱ्यांचं ऐकत उभे. निखिल जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. अखेर नारंगवाडीच्या कप्तानाने चेंडू ठिपक्यावर ठेवला आणि चार पावलं मागे गेला.

"बाबा, बाहेर जा!"

आवाज श्वेताचा होता. एक हात पोटावर, दुसरा दाराकडे. "जा ना बाबा, लवकर!"

काका उठले. इतक्या तत्परतेने मी त्यांना कधी उठताना पाहिलं नव्हतं. मी पाय आखडले. ते गेले, दाराचा आवाज झाला, पडद्यावर कप्तान धावत आला आणि चेंडू जाळ्यात गेला.

निखिल एकटाच ओरडला, आणि तोही अर्धाच. श्वेता उभी होती, दाराकडे केलेला हात तसाच. तिचा चेहरा पाहून निखिलने टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर नारिंगी माणसं एकमेकांवर पडत होती. कुणीतरी संत्री उधळत होतं. आमच्या खोलीत मात्र कुणी एकमेकांकडे बघत नव्हतं. त्या खोलीत पदव्युत्तर पदव्या तीन होत्या. शिट्टी वाजली, सामना संपला, नारंगवाडी पहिल्या श्रेणीत गेली, आणि मला एकच इच्छा झाली, घरी जाण्याची.

पण माझ्या चपला गॅरेजच्या दाराशी होत्या. श्वेता माझ्या आधी तिथे पोचली होती. दार उघडं होतं. काका खुर्चीवर बसलेले, ती रॅकला टेकून उभी, आणि माझी एक चप्पल तिच्या पायाखाली. त्यामुळे पुढचं मला ऐकावं लागलं.

"मी तुम्हाला बाहेर जा म्हटलं," ती म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "मी म्हटलं, बाबा. मी!"

"बरोबरच म्हटलं. गोल पाहिजे होता न." ते तिला समजावत होते. खरोखर समजावत होते, तेच जास्त वाईट होतं. "रडू नको असं. या दिवसांत रडत नाहीत. चांगलं झालं न? मी आलो अन् झाला. म्हणजे मी यायच्या आधीच, हे तुमचे फोन गुरगुरून राहिले होते, मले वाटलं..."

त्यांनी रॅककडे पाहिलं.

"काय म्हणालात?" श्वेता म्हणाली.

"फोन. मी दाराशी आलो तर सगळेच एकामागून एक थरथरत होते रॅकवर. तुझा तर खाली चपलेत पडला. मी उचलून ठेवला. मग नंतर निखिलराव ओरडले."

श्वेताने फोन उचलला. बराच वेळ पाहत राहिली. आकडे तिचा धंदा आहे, पण ते वाचायला तिला इतका वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. मग ती खाली, पेपर टॉवेलच्या एका गठ्ठ्यावर बसली.

"बाबा, आपल्याकडे चित्र उशिरा येतं. मी तुम्हाला जा म्हटलं तेव्हा गोल होऊन गेला होता. झाला तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. सोफ्यावर."

"मी?"

"तुम्ही."

"मी बसलो असताना आपला गोल झाला?"

"आणि तो सप्टेंबरातला, तुम्ही कप घेऊन गेलात तो पण. हा नियम आम्हीच केला ना, फोन बाहेर ठेवायचा! कशासाठी केला होता? आम्ही सगळे इतके..." तिने वाक्य पुरं केलं नाही. मी मनात केलं.

काका विचारात पडले. मग म्हणाले, "सूर्य क्षितिजावर दिसतो तेव्हा तो आधीच बुडालेला असतो. हे तर मी आठवीले शिकवत होतो." मग त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. "पण श्वेता, तुझ्या आईच्या वेळी उशिरा येणारं चित्र नव्हतं. मी तिथंच होतो."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही तिथंच होतात. मी विमानात होते. तुम्ही बस स्टँडवर गेला असतात तर आईजवळ कोण असतं, बाबा?"

काकांनी कानटोपी काढली. मी त्यांचं डोकं पहिल्यांदाच पाहत होतो. ते बराच वेळ त्या टोपीची घडी घालत राहिले, उलगडत राहिले. मी चप्पल तिथेच सोडून अनवाणी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी निखिलने कुंपणावरून सांगितलं, "तिकीट कॅन्सल केलं." मग म्हणाला, "सकाळी फ्रिजसमोर उभे होते. चष्मा लावून."

नात झाली तेव्हा काका दवाखान्यात होते. नर्सने बाळ पुढे करून विचारलं, "रेडी, ग्रँडपा?" त्यांनी आधीच दोनदा हात धुतले होते, तिसऱ्यांदा धुवायला गेले. मग घेतलं. बाळाने तत्काळ भोकाड पसरलं. काका सवयीने म्हणाले, "माफ कर बाई," आणि देऊन टाकायला निघाले. श्वेता पलंगावरून म्हणाली, "भूक लागलीय तिला. धरून ठेवा." त्यांनी धरून ठेवलं. हे मला निखिलने सांगितलं, आणि निखिल सांगताना खिडकीबाहेर पाहत होता.

त्यानंतरच्या हंगामात फोन रॅकवरच ठेवत, पण घडीची खुर्ची मात्र गॅरेजमधून परसात गेली. माफ्या पूर्ण थांबल्या नाहीत. इतक्या वर्षांची सवय अशी जात नाही. एखादा गोल झाला की काकांच्या हाताची हालचाल होई, पण मांडीवर नात असे, त्यामुळे हात जोडता येत नसत.

काका गेल्या हिवाळ्यात वर्ध्याला गेले होते, भावाकडे. तिथेच झोपेत गेले. इथे श्वेताच्या घरी आम्ही पंधरा-वीस जण जमलो. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना बोलायला बोलावलं नव्हतं, म्हणून ते बोलले. नारंगवाडीची गोष्ट त्यांनी कुठूनशी ऐकली होती. ते म्हणाले, की काकांचा पायगुणच असा, की सातासमुद्रापलीकडचा एक पडलेला क्लब त्यांच्या पुण्याईने पुन्हा उभा राहिला, आणि अशा शुभ माणसांच्या नजरेतच सामर्थ्य असतं. काहींनी डोळे पुसले. श्वेताने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांच्या बशीकडे पाहिलं. ते निखिलने केले होते आणि तर्री पाणचट होती.

अध्यक्षांना कोणी सांगितलं नाही, की वर गेल्यावर पहिल्याच हंगामात नारंगवाडी शेवटच्या क्रमांकावर येऊन पुन्हा खाली गेली. त्या हंगामातला एकही सामना काकांनी चुकवला नव्हता. सगळे सोफ्यावर बसून पाहिले.